गळा दाबला होता का, हे आधी विचारा

"नवरा मारतो," असं एखादीनं सांगितलं की समोरच्याच्या तोंडून हमखास निघतं, "का गं, झालं तरी काय होतं?" जेवायला उशीर झाला होता की ती माहेरी फोनवर बोलत होती, हे कळून तिच्या जिवाचा धोका मोजता येत नाही. तो मोजायचा तर आधी विचारायचं ते असं: त्यानं कधी तुझा गळा दाबला आहे का? हातानं, ओढणीनं, उशीनं, भिंतीशी रेटून, कसाही, एकदा तरी?

उत्तर "हो" आलं, तर त्या घरात चाललंय त्याला भांडण म्हणणं थांबवायचं. अमेरिकेत नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मारहाण सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत, जिचा आधी गळा दाबला गेला होता तिच्यावर पुढे खुनाचा प्रयत्न होण्याची शक्यता सहा पटींहून, आणि प्रत्यक्ष खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त निघाली. तरीही पोलिस ठाण्यातल्या जबाबात याच कृत्याचं "धक्काबुक्की" होऊन जातं. कारण साधं आहे: वण दिसत नाही. सॅन दिएगो शहरातली अशी ३०० पोलिस प्रकरणं तपासली, तेव्हा निम्म्या स्त्रियांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी खूणच नव्हती.

वण नसला तरी इतर खुणा असतात. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापणीच्या आत बारीक लाल ठिपके, डोकं जड होणं, मधला काही वेळ आठवतच नसणं, कपड्यात लघवी होणं. शेवटची गोष्ट बाई लाजेनं सांगत नाही, म्हणून ती आपण विचारायची. ती शुद्ध हरपल्याची खूण असते. गळ्यातल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली असेल तर तासांनी, कधी काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. म्हणून त्याच दिवशी दवाखाना. डॉक्टरांना "मारलं" एवढंच न सांगता "गळा दाबला, श्वास कोंडला, किती वेळ ते आठवत नाही" असं स्पष्ट सांगायचं आणि मानेची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) लागेल का हे विचारायचं.

गळ्याखेरीज आणखी काही गोष्टी धोका वाढवतात. कॅम्पबेल यांनी तयार केलेल्या धोका-तपासणीत २० प्रश्न आहेत. गेल्या वर्षभरात मार वाढत चाललाय का, हत्यार दाखवलं का, जिवे मारण्याची धमकी दिली का, जबरदस्तीनं संबंध ठेवतो का, गरोदरपणात मारलं का, कुठे जाते, कुणाशी बोलते, किती पैसे खर्च करते हे सगळं तोच ठरवतो का, स्वतः जीव देण्याची धमकी देतो का, अलीकडे त्याचं काम सुटलं आहे का, आणि तो आपल्याला मारून टाकेल असं तिला स्वतःला वाटतं का. हा शेवटचा प्रश्न मी कधीच गाळणार नाही. तिला वाटत असेल, तर तिचंच खरं मानावं. ती कमी भीती दाखवते तेव्हा मात्र निर्धास्त होऊ नये. सवयीनं धोका लहान दिसायला लागतो.

त्या तपासणीत प्रश्नांआधी एक काम असतं: वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून मारहाणीच्या दिवसांवर खुणा करणं. आपल्याकडे कालनिर्णयाच्या पानावर दुधाचा, गॅस सिलिंडरचा हिशेब असतोच. त्याच पानावर तारखेजवळ एक बारीक टिंब कुणाच्या डोळ्यांत येत नाही. वर्षाअखेर टिंबं मोजली की "कधीतरी होतं" असं म्हणणारी बाई स्वतःच गप्प होते. शिवाय पुढे अर्जात तारखा लिहायला हीच टिंबं कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा नात्यात हात उचलला जातो तो रागावर ताबा नसल्यामुळे, ही समजूत सोडून द्या. तोच माणूस साहेबासमोर, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर, पोलिसासमोर व्यवस्थित ताबा ठेवतो. त्याला हवा असतो तिच्यावरचा ताबा: तिच्या वेळेवर, पैशावर, शरीरावर, माणसांवर. म्हणून तो ताबा सुटतोय असं दिसलं की धोका एकदम वर जातो. ती घर सोडते किंवा सोडणार असल्याचं बोलून दाखवते, घटस्फोटाची नोटीस पोचते, तो काळ सगळ्यात घातक. "आत्ताच्या आत्ता बॅग भर आणि निघ" हा सल्ला कळकळीचा असला तरी तयारी नसेल तर जिवावर बेतू शकतो. आणि "जाऊ दे, सांभाळून घे" हा तर सल्लाच नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी देशभरात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा झालेल्यांपैकी १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे तुमची बहीण, वहिनी, शेजारीण किंवा घरकामाला येणाऱ्या ताई तुमच्याजवळ बोलल्या, तर ती फार दुर्मीळ गोष्ट घडली आहे.

तेव्हा काय करायचं? तिला एकटीला भेटायचं. फोनवर नको, तो स्पीकरवर असू शकतो. बोलू लागलेल्या मुलासमोर नको, लेकरू घरी जाऊन निरागसपणे सगळं सांगतं. म्हणायचं एवढंच: "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आज घरी जायला भीती वाटते का?" या शेवटच्या प्रश्नाला हो आलं तर तिची आजची रात्र कुठे जाईल, यावर बोलायचं. बाकीचं नंतर.

आणि बैठक बसवायची नाही. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बोलवून समजूत घालायची रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की ती न करणं म्हणजे बेजबाबदारपणा वाटतो. पण बैठकीत त्याला पहिली गोष्ट कळते ती ही, की हिनं कुणाकुणाला सांगितलं. तो माफी मागतो, सगळे चहा पिऊन उठतात, आणि पुढच्या आठवड्यात तिचा फोन काढून घेतला जातो. त्याला जाब विचारायला परस्पर जाणारा भाऊसुद्धा हेच नुकसान करतो.

शेजाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट. आवाज आला तर बेल वाजवा. वाटी मागा, पाण्याची मोटर सुरू आहे का विचारा, काहीही. २००८ साली ब्रेकथ्रू या संस्थेनं "बेल बजाओ" मोहीम याच कृतीभोवती उभी केली होती. दोघांच्या मध्ये पडू नका. हत्यार असेल किंवा ओरडणं अचानक थांबलं तर ११२ वर फोन करून "घरगुती वाद" असं सांगू नका. "बाईच्या जिवाला धोका आहे," हे वाक्य, मजला आणि खोली नंबरसह पत्ता, हत्यार आहे की नाही, एवढं सांगा.

तयारी

घरातली जागा आधी ठरवावी लागते. वाद चढू लागला की स्वयंपाकघर टाळायचं, कारण तिथे सुऱ्या, गॅस, गरम तेल. बाथरूमही टाळायचं, तिथून बाहेर पडायला वाट नाही. बाहेर जायच्या दाराच्या बाजूला सरकायचं. मुलांना शिकवायचं ते सोडवायला येण्याचं नव्हे, शेजारच्या काकूंकडे धावण्याचं. माहेरच्या कुणाशी एक साधं वाक्य ठरवून ठेवायचं, जे आलं की प्रश्न न विचारता ११२ ला फोन करायचा: "आईला गुडघ्याचं औषध विचारायचं राहिलं," असं काहीतरी.

पिशवी घरात ठेवली तर सापडते. ती मैत्रिणीकडे, शाळेच्या किंवा कामाच्या ठिकाणी. आधार, पॅन, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), त्या घरात राहत असल्याचा पुरावा, दागिन्यांच्या सोनाराकडच्या पावत्या किंवा लग्नात ते अंगावर असलेले फोटो, चालू औषधं, थोडी रोख. मूळ कागद काढणं धोक्याचं असेल तर फोटो पुरतात. परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या मुलींनी पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो माहेरी पाठवून ठेवावेत.

पैशाच्या बाबतीत सारखी होणारी चूक म्हणजे खातं तिच्या नावाचं, पण मोबाइल नंबर त्याचा. ओटीपी त्याच्याकडे जातो. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात. त्या खात्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल तर ते पैसे तिचे फक्त कागदावर आहेत. वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात एकटीच्या नावाचं खातं उघडून, स्वतःचा नंबर देऊन, आधार जोडणी तिकडे वळवून घ्यायची. ही वळवण्याची वेळ मात्र नीट निवडायला हवी, कारण पैसे यायचे थांबले की त्याला कळणारच.

फोनचंही तसंच. गुगल खातं कुणाच्या पासवर्डवर चालतं, लोकेशन कुणाला दिसतं, व्हॉट्सॲपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये कोणता अनोळखी संगणक आहे, हे पाहून घ्यायचं. पण निघण्याच्या दिवसापर्यंत काही बंद करू नये. अचानक लोकेशन बंद झालं की पाळत ठेवणारा सावध होतो. महत्त्वाचे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावेत.

कागदावर काय उतरतं

पुरावा दवाखान्यात तयार होतो आणि तिथेच बिघडतो. नवरा शेजारी उभा असतो म्हणून ती "जिन्यावरून पडले" म्हणते, केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच कागद तिच्यासमोर धरला जातो. नवऱ्याला बाहेर थांबवायला सांगा. डॉक्टर, नर्स कुणीही हे करू शकतात. "नवऱ्यानं मारल्याचं सांगितलं," अशी नोंद आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करून घ्या, केसपेपरची प्रत घ्या. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून "दिलासा" केंद्र आहे, ते सेहत या संस्थेनं आणि महापालिकेनं मिळून सुरू केलं. दवाखान्यातच बाईला ओळखायचं, एकटीला बसवून विचारायचं, अशी ही पद्धत नंतर इतर रुग्णालयांतही गेली. गरोदरपणाची तपासणी ही तर विचारण्याची उत्तम संधी असते.

जखमांचे फोटो त्या दिवशी काढा आणि ४८ तासांनी पुन्हा काढा, काळेनिळे डाग तेव्हा उठून दिसतात. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही यायला हवेत. विश्वासाच्या माणसाला पाठवून आपल्या फोनमधून काढा, डिलीट झालेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही. धमक्यांचे मेसेज ज्या फोनवर आले तो फोन शक्यतो विकू किंवा बदलू नका. असा पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पोलिस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी घेतली जाते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलिस आपणहून तपास करत नाहीत. नवऱ्याचा किंवा सासरच्यांचा छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये बसतो (१ जुलै २०२४ आधीचं ४९८-अ), शिक्षा ३ वर्षांपर्यंत, आणि पीडितेनं किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकानं सांगितलं तर गुन्हा दखलपात्र आहे. गळा दाबणं, जाळण्याचा प्रयत्न, हत्यार यांसाठी वेगळी कलमं लागू शकतात, म्हणून जबाबात कृती जशी घडली तशीच लिहिलेली आहे का हे सही करण्याआधी वाचा. एफआयआर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. नाकारला तर लेखी तक्रार टपालानं पोलिस अधीक्षकांकडे, तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

पण गुन्हा नोंदवणं हा एकच रस्ता आहे, असं समजून अनेक जणी मागे फिरतात. "त्याला तुरुंगात टाकायचं नाही, फक्त मार थांबायला हवा आणि मला घरात राहायचंय," हे त्यांचं म्हणणं असतं. नेमकं यासाठीच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम २००५ आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा त्यात येते. आपल्या फौजदारी कायद्यात, नवऱ्यापासून वेगळी राहत नसलेल्या प्रौढ पत्नीवर नवऱ्यानं केलेला बलात्कार अजून गुन्हा नाही, पण या कायद्यात लैंगिक हिंसेबद्दल दाद मागता येते.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो किंवा थेट न्यायालयात. संरक्षण अधिकारी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून कळतात. ते घटनेचा अहवाल भरतात, बोलीभाषेत डीआयआर. तो नसेल तरी आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. नियमांमध्ये नमुना ५ म्हणून सुरक्षेच्या आराखड्याचा फॉर्म आहे; तो फार कमी ठिकाणी भरला जातो, आपण मागायचा. अर्ज ती सध्या जिथे राहते तिथे, माहेरच्या तालुक्यातसुद्धा, करता येतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

अर्ज कुठे कमी पडतात? पहिलं, "वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला" या ठोकळेबाज वाक्यानं. त्याऐवजी पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि शेवटची घटना, तारीख, जागा, काय केलं, कोण होतं, असं लिहा. दुसरं, सासरच्या झाडून सगळ्यांना गोवल्यानं. दूर नांदणाऱ्या नणंदेचं नाव ठोस कारणाशिवाय घातलं की खऱ्या आरोपाचंही वजन कमी होतं. तिसरं, कलम २३ चा अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज नमुना ३ च्या प्रतिज्ञापत्रासह त्याच दिवशी न दिल्यानं. कायदा पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत म्हणतो. प्रत्यक्षात प्रकरणं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात. म्हणून खरं संरक्षण अंतरिम आदेशात आहे, आणि धोका मोठा असेल तर तो नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही देता येतो.

मागण्या सुट्ट्या सुट्ट्या लिहाव्या लागतात. कलम १८ खाली मारहाण, फोन, कामाच्या जागी येणं, दुसऱ्यांकरवी निरोप, हे सगळं एकेक करून बंद करण्याचा आदेश. कलम १९ खाली घरात राहण्याचा हक्क आणि स्त्रीधन परत. "फ्लॅट सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" या प्रश्नाला २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालानं उत्तर दिलं आहे: नातेवाइकाच्या मालकीचं घरसुद्धा सामायिक घर, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. कलम २० खाली खर्च. मालकाला पगारातून थेट रक्कम द्यायला सांगण्याची सोय त्यातच आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, हे रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्याच निकालानं ठरलं, त्यामुळे अर्ज लांबवणं महागात पडतं. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा.

यातला संरक्षण आदेश मोडला तरच कलम ३१ लागतं, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणून घरातून हुसकावू नये, ही मागणी कलम १८ मध्येही घालावी. आदेशाची प्रत मोफत मिळते आणि पोलिस ठाण्यालाही जाते; तरी तिथे स्वतः नेऊन पोच घ्या, आणि फोटो फोनमध्ये ठेवा. मुलांना बापाकडे भेटीला सोडायची जागा पोलिस ठाण्याजवळची किंवा गर्दीची निवडा, दारात नको.

समुपदेशनाबद्दल माझं मत कडक आहे. मार चालू असताना दोघांना एका खोलीत बसवणं चूक आहे. ती खरं बोलली तर संध्याकाळी त्याची किंमत मोजते. या कायद्याच्या नियमांतही लिहिलेलं आहे की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला मुभा नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं असतं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात सुरू केलेल्या विशेष कक्षाची रीत पाहण्यासारखी आहे. बसतात पोलिसांच्या आवारात, पण काम प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचं. तातडीनं निवारा हवा असेल तर १८१ वर फोन करा किंवा सखी वन स्टॉप सेंटरला जा. तिथे साधारण ५ दिवस राहता येतं, त्यामुळे पुढच्या जागेची सोय पहिल्याच दिवशी मागावी.

होण्याआधीच

दारू हिंसेला धार देते, ती हिंसेचं मूळ नाही. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली आणि गावातलं दुकान बंद पडलं, तर मार कमी होऊ शकतो. पण पिऊन आलेला माणूस सरपंचाला मारत नाही, बायकोलाच मारतो, हा भाग दारूबंदीनं सुटत नाही.

बदल होतो तो सत्तेबद्दल गल्लीगल्लीत, सतत, बरीच वर्षं बोलल्यानं. युगांडाच्या कंपाला शहरात "सासा!" या कार्यक्रमात वस्तीतलेच स्त्री-पुरुष कार्यकर्ते झाले आणि सुमारे तीन वर्षांनंतर त्या वस्त्यांत जोडीदाराकडून शारीरिक मारहाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात छोट्या कर्जांना नात्यांवरच्या चर्चासत्रांची जोड दिली, तिथे दोन वर्षांत हिंसा ५५ टक्क्यांनी घटली. आपल्या बचत गटांनी यातून घ्यायचं ते हे, की कर्ज हाती आलं म्हणून मार थांबत नाही. कधीकधी त्या कर्जावरूनच मार पडतो. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्यायला हवा. मुंबईच्या शाळांमध्ये २००८ ते २०१० दरम्यान सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर "जेम्स" हा समतेचा अभ्यासक्रम चालवला गेला, आणि पुरुषांमध्ये काम करणारी "मावा" ही संस्था मुंबईत १९९३ पासून आहे. एका दिवसाची कार्यशाळा आणि ८ मार्चचं पोस्टर यांच्यावर खर्च होणारा पैसा अशा लांब चालणाऱ्या कामाकडे वळवावा, असं मला ठामपणे वाटतं.

आणि मित्र म्हणून पुरुषांना करण्यासारखं एक काम आहे. दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत आणि एकटा असताना, सरळ सांगायचं: "काल तुझ्या घरातून आवाज आला. तू हात उचललास. पुन्हा ऐकू आलं तर मी पोलिसांना फोन करणार आहे." समर्थन सुरू झालं तर ऐकत बसायचं नाही. आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं, एवढंच सांगायचं. तिनं सांगितलं असलं तरी तिचं नाव मध्ये येऊ द्यायचं नाही. आणि जे आपण स्वतः ऐकलेलं नाही, ते त्याच्यासमोर बोलायचंच नाही.